पेठेकडून फाट्याकडे

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जुन्नर तालुका आहे. या एका तालुक्यात तीन मोठे बाजार आहेत आणि तिन्ही तीन वेगवेगळ्या रस्त्यांनी घडवले आहेत. जुन्नर शहराचा बाजार घाटवाटेचा. नारायणगावचा बाजार पुणे–नाशिक रस्त्याचा. आळेफाट्याचा बाजार डांबरी रस्त्यांच्या चौफुलीचा. तहसील कचेरी, न्यायालय, पंचायत समिती आणि नगरपरिषद आजही जुन्नरला आहेत. एसटीचं आगार मात्र नारायणगावला आहे. आणि रात्री उशिरा, बाकी सगळं बंद झाल्यावर, गरम मासवडी-भाकरी मिळण्याची खात्री असते ती आळेफाट्याला.

तालुक्याचं ठाणं एकीकडे, एसटीचं आगार दुसरीकडे आणि वाटसरूंची वर्दळ तिसरीकडे, अशी विभागणी कुणी एका बैठकीत ठरवलेली नाही. रस्ता सरकत गेला, त्याच्या मागोमाग एकेक गोष्ट सरकत गेली. आता नारायणगावलाही बाह्यवळण झालं आहे. पुण्याहून नाशिकला जाणारी गाडी गावात न शिरता बाहेरून निघून जाते. महाराष्ट्रात मंचर, राजगुरुनगर, संगमनेर, महाड, सावंतवाडी अशी कितीतरी गावं आहेत, ज्यांच्या पोटातून जाणारा महामार्ग गेल्या काही वर्षांत गावाबाहेर गेला. प्रत्येक गावात तेव्हा एकच चिंता असते: रस्ता गेला, आता आपल्या बाजाराचं काय होणार?

या चिंतेचं उत्तर शोधायला जुन्नरइतका चांगला तालुका दुसरा नाही, कारण इथे हे आधी घडून गेलं आहे. आणि जुन्नर जे सांगतं ते आपल्या नेहमीच्या समजुतीहून वेगळं आहे. वाहनं गेली म्हणून पेठ ओस पडत नाही. तालुक्याच्या माणसाला ज्या कामासाठी गावात यावं लागतं, ती कामं एकेक करून रस्त्यावर जाऊन बसली, की पेठ ओस पडते. वाहनांचा मार्ग अभियंते ठरवतात. या कामांच्या जागा मात्र आपण ठरवतो.

घाटवाटेचं शहर

जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट आहे. कल्याण, सोपारा या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून देशावर आणायची ही वाट. घाटमाथ्यावरच्या गुंफेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला प्रसिद्ध शिलालेख आहे. यज्ञांचे आणि दक्षिणेचे आकडे त्यात कोरलेले आहेत. अंक लिहिण्याच्या भारतातल्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. जवळच दगडात घडवलेला मोठा रांजण आहे. जकातीचं नाणं त्यात टाकलं जाई, असं लोकपरंपरा सांगते.

घाट चढून आलेला माल पहिल्यांदा मोठ्या बाजारात उतरे तो जुन्नरला. शहराभोवतीच्या डोंगरांत, लेण्याद्री, तुळजा, मानमोडी इथे जी बौद्ध लेणी आहेत, त्यांतले दानलेख वाचले की त्या काळची बाजारपेठ डोळ्यांपुढे उभी राहते. दाते कोण? धान्याचे व्यापारी, कासार, बांबूचं काम करणारे. त्यांच्या श्रेणी, म्हणजे आजच्या भाषेत व्यापारी आणि कारागिरांच्या संघटना, लेणी आणि पाण्याची टाकी कोरून देत होत्या, दानाच्या रकमा ठेवून घेऊन त्यांचं व्याज धर्मकार्याला लावत होत्या. काही दाते स्वतःला यवन म्हणवतात. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरच्या पेठेत समुद्रापलीकडून आलेली माणसं वावरत होती, एवढी ती वाट वाहती होती.

पुढे निजामशाहीची सुरुवातीची राजधानी जुन्नरला होती. शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. हाताने बनवलेला जुन्नरी कागद मराठी राज्याच्या दप्तरांत वापरला गेला. राज्यं बदलली तरी घाट आणि बंदर यांच्यामध्ये असण्याचा फायदा शहराला मिळत राहिला.

तो फायदा संपवला तो रेल्वेने. १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून रेल्वे देशावर चढली. मुंबईचा माल पुण्याकडे आणि नाशिककडे लोखंडी रुळांवरून जाऊ लागला. या दोन घाटांच्या मधोमध असलेला नाणेघाट कोरडा पडला. ज्या वाटेने जुन्नर मोठं केलं होतं, तिच्यावर गुराखी आणि वाटसरू उरले. आज तिथे पावसाळ्यात गिर्यारोहक आणि पर्यटक जातात.

इथे थांबून एक गोष्ट नीट पाहायला हवी. वाट गेली, पण जुन्नर उजाड झालं नाही. पश्चिमेच्या डोंगराळ पट्ट्यातला आदिवासी शेतकरी हिरडा, भात घेऊन आजही जुन्नरला उतरतो. सातबाराच्या कामाला, कोर्टाच्या तारखेला, पंचायत समितीच्या योजनेला माणूस जुन्नरला येतो आणि आल्यासारखं बी-बियाणं, कापड, भांडं घेऊन जातो. लांबच्या व्यापाराचं शहर मेलं, तालुक्याचं गाव जगलं. सरकारी कचेऱ्या आणि आठवडे बाजार गावातून हलले नाहीत, म्हणून ते जगलं. कुणी तहसील कचेरी सोयीच्या नावाखाली महामार्गावर नेली असती, तर जुन्नरच्या पेठेत आज काय उरलं असतं याचा विचार करून पाहावा.

रस्त्यावरचं गाव

इंग्रजी अमदानीत उत्तर-दक्षिण जाणारा पुणे–नाशिक रस्ता महत्त्वाचा झाला. तो खेड (राजगुरुनगर), मंचर, नारायणगाव असा जातो. जुन्नर त्याच्या पश्चिमेला बाजूला राहिलं. मीना नदीकाठचं नारायणगाव या रस्त्यावर असल्याने वाढत गेलं. पुण्यापासून ते सुमारे ७५ किलोमीटर. सकाळी माल भरून पुण्याला जावं आणि रात्री घरी परतावं, असं सोयीचं अंतर.

एसटीचं आगार तिथे झालं. आगार म्हणजे केवळ गाड्या धुण्याची आणि दुरुस्तीची जागा नव्हे. मुक्कामी गाड्या तिथून सुटतात, शाळा-कॉलेजची मुलं तिथे उतरतात, चालक-वाहकांची कुटुंबं तिथे राहतात. पहाटेच्या पहिल्या गाडीपासून रात्रीच्या शेवटच्या गाडीपर्यंत गाव जागं राहतं. चहा, वडापाव, पानपट्टी, वर्तमानपत्रं, फळवाले, रिक्षावाले असा सगळा संसार आगाराभोवती जमतो.

तमाशाचंही तसंच आहे. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने राज्य शासन तमाशा क्षेत्राचा जीवनगौरव पुरस्कार देतं. गुढीपाडव्याच्या सुमाराला तमाशा फडांचे मालक इथे राहुट्या टाकून बसतात. पुणे, नगर, नाशिक आणि पलीकडच्या गावांचे कारभारी येतात, राहुट्यांतून फिरतात, फडाची बारी ठरवतात, सुपारी देऊन जातात. फड महाराष्ट्रभर फिरतात, पण ठरावाची जागा नारायणगाव, कारण चारी दिशांच्या गावकऱ्यांना इथे एका दिवसात येऊन परत जाता येतं. कलेच्या परंपरेमागे एसटीचं वेळापत्रकही उभं आहे.

नंतर कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे या धरणांनी तालुक्याचं पीक बदललं. ऊस, द्राक्षं आणि मुख्य म्हणजे टोमॅटो. जुन्नर कृषी उत्पन्न बाजार समितीचा नारायणगावचा उपबाजार राज्यातल्या टोमॅटोच्या मोठ्या बाजारांपैकी एक झाला. हंगामात पिकअप गाड्यांच्या रांगा लागतात, २० किलोच्या क्रेटवर भाव फुटतो, परराज्यांतले व्यापारी ट्रक भरून नेतात. २०२३ च्या जुलैत टोमॅटोचे भाव देशभर कडाडले, तेव्हा इथे क्रेटला दोन हजार रुपयांहून अधिक भाव मिळाला. दुसऱ्या वर्षी तोच माल रस्त्यावर ओतावा लागतो, हेही इथल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे.

बाजार आणि पेठ यांचं नातं समजून घ्यायचं तर हाती पट्टी पडलेल्या शेतकऱ्याच्या मागे जावं लागतं. माल विकला, पट्टी मिळाली, की तो आधी कृषी सेवा केंद्राची उधारी भागवतो. तिथून किराणा दुकानदाराकडे. मग घरच्यांसाठी कपडे, हंगाम चांगला असेल तर सराफाकडे एक फेरी. पेठेतला दुकानदार त्याला पेरणीच्या वेळी वहीवर लिहून माल देतो, तो याच दिवसाच्या भरवशावर. पेठेचं अर्थकारण असं पिकाच्या फेऱ्यावर चालतं. त्याला ना बँकेचा अर्ज लागतो, ना जामीन. ओळख हेच तारण. म्हणून बाजार समितीचं आवार कुठे असावं, हा प्रश्न केवळ ट्रकच्या सोयीचा नसतो. पट्टी हातात घेतलेला शेतकरी चालत पेठेत जाणार, की गाडीत बसून फाट्यावर जाणार, हे त्या आवाराच्या जागेवरून ठरतं.

फाट्याचा जन्म

नारायणगावच्या उत्तरेला पुणे–नाशिक रस्ता आणि माळशेज घाटातून येणारा कल्याण–नगर रस्ता एकमेकांना छेदतात. तो आळेफाटा. मूळ आळे गाव बाजूला आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी तिथे असल्याची श्रद्धा आहे आणि वारकरी तिथे दर्शनाला येतात. फाट्यावर जे उभं राहिलं त्याचा त्या गावाच्या जुन्या रचनेशी काही संबंध नव्हता. एखादं चहाचं दुकान, पंक्चरवाला, मग पेट्रोल पंप, हॉटेल, लॉज. मग कांद्याचा उपबाजार, पोलीस ठाणं, दवाखाने, बँकांच्या शाखा. पुणे, नाशिक, मुंबई, नगर अशा चारही दिशांच्या गाड्या इथे थांबतात, म्हणून तालुक्यातला माणूस जुन्नरच्या किंवा नारायणगावच्या आधी फाटा गाठतो.

महाराष्ट्रात असे फाटे, नाके आणि तिठे प्रत्येक जिल्ह्यात सापडतात. पळस्पे फाटा, वडखळ नाका, हातखंब्याचा तिठा. त्यांची वाढ सगळीकडे सारख्या क्रमाने होते. आधी वाटसरूच्या गरजा येतात: चहा, जेवण, डिझेल, टायर. ही दुकानं पेठेचं काही हिरावून घेत नाहीत. पेठेतल्या सराफाचा ट्रकचालकाशी कधीच व्यवहार नव्हता.

दुसऱ्या टप्प्यात जागेची गरज असलेले धंदे येतात. ट्रॅक्टर आणि दुचाकींची शोरूम, टाइल्स, सिमेंट-लोखंड, ठिबकची नळी, फर्निचर, मंगल कार्यालयं. यांतला बराचसा माल पूर्वी पेठेत मिळे. पण पेठेत टेम्पो शिरत नाही, पंधरा फुटी पन्हाळी पत्रे उतरवायला जागा नाही, गिऱ्हाइकाला मोटार लावता येत नाही. हे धंदे बाहेर जाणं रास्त आहे. त्यांना पेठेत अडवून ठेवण्याचा आग्रह धरला, तर त्यात कुणाचंच भलं नाही.

खरी फूट तिसऱ्या टप्प्यात पडते. खासगी दवाखाना, प्रयोगशाळा, बँक, इंग्रजी माध्यमाची शाळा, कपड्यांचं मोठं दालन, सोन्याच्या साखळी पेढीची शाखा, आणि मागोमाग एखादी सरकारी कचेरी. यांना मोठ्या जागेची गरज असतेच असं नाही. महामार्गालगत एकाच मालकाकडून मोकळी जमीन मिळते, बिगरशेती करून घेता येते, इमारत नव्याने बांधता येते. पेठेतल्या वाड्याला चार वारस असतात, खाली जुना पागडीचा भाडेकरू असतो, वरचा मजला वापराविना पडून असतो. एकाने दुरुस्ती करायची म्हटली तर बाकीच्यांची संमती मिळत नाही. भाडं इतकं थोडं, की मालकाला छप्पर शाकारणंही परवडत नाही. पेठेत जागा असते, पण ती हक्काच्या गुंत्यात अडकलेली असते. बाहेर जमीन महाग असूनही मोकळी असते. पेठ ज्या स्पर्धेत हरते ती हीच. गिऱ्हाईक हरवण्याच्या कितीतरी आधी ती जागेच्या व्यवहारात हरलेली असते.

आणि तिसऱ्या टप्प्याबरोबर उधारीची वहीही मिटते. शोरूम हप्त्यावर वस्तू देते. हप्ता दर महिन्याला येतो, पीक दर महिन्याला येत नाही. पेठेतला दुकानदार दोन पावसाळे थांबत असे. वित्तसंस्थेचा वसुली अधिकारी तारखेवर येतो. ज्या कुटुंबाला महिन्याचा पगार नाही, त्याच्यासाठी हा बदल साधा नाही.

बाह्यवळण झाल्यावर

पुणे–नाशिक महामार्गाच्या खेड ते सिन्नर या टप्प्याचं चौपदरीकरण गेल्या दशकात झालं. मोकळा रस्ता आधी झाला, टोलनाके उभे राहिले, पण राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव इथली बाह्यवळणं बराच काळ रखडली. त्या वर्षांत सुट्टीच्या दिवशी नारायणगावात तासन्‌तास वाहनं अडकून पडत. दवाखान्यात निघालेली रुग्णवाहिका, शाळा सुटलेली मुलं, द्राक्षांचा टेम्पो आणि शिर्डीला निघालेली मोटार सगळे एकाच चौकात. बाह्यवळणाची मागणी गावातूनच होत होती आणि ती योग्य होती. अवजड वाहनांखाली माणसं चिरडली जाऊ नयेत, एवढं कारणही त्यासाठी पुरेसं होतं.

बाह्यवळणानंतर गावात काय कमी होतं आणि काय राहतं, हे वेगवेगळं पाहायला हवं. गावातल्या महामार्गावर उभी असलेली हॉटेलं, रसवंत्या, द्राक्षांचे आणि मक्याच्या कणसांचे स्टॉल, लॉज, टायरवाले यांचा धंदा बसतो किंवा बाह्यवळणाच्या तोंडाशी सरकतो. हा फटका खरा आहे आणि तो बहुधा सर्वांत लहान विक्रेत्याला बसतो. हॉटेलमालक नवी जमीन घेऊ शकतो, हातगाडीवाल्या बाईला नव्या चौकात जागा कुणी देत नाही. महामार्ग हलवताना जमीनमालकाला मोबदला मिळतो. ज्याचं पोट रस्त्याच्या कडेवर होतं आणि नावावर जमीन नव्हती, त्याचा कोणत्याही निवाड्यात उल्लेख नसतो. बाह्यवळणाच्या प्रत्येक आराखड्यात अशा विक्रेत्यांसाठी गाळे किंवा बाजारओटे असायला हवेत, आणि ते रस्ता सुरू होण्याच्या आधी बांधून तयार असायला हवेत.

पेठेच्या आतल्या दुकानांचं मात्र तसं नाही. कापड, भुसार, भांडी, औषधं, शिवणकाम यांचं गिऱ्हाईक आजूबाजूच्या खेड्यांतून येतं. ट्रक गेल्याने ते कमी व्हायचं कारण नाही, उलट रस्ता ओलांडणं सोपं झाल्याने त्याला येणं सुखाचं होतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या वाहतूक खात्याने १९९८ मध्ये बाह्यवळण झालेल्या गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. बहुतेक गावांच्या एकूण व्यवहाराला मोठा धक्का बसला नाही, धोका जास्त होता तो अगदी लहान वस्तीच्या गावांना, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्या गावाला स्वतःचा मुलूख आहे ते टिकतं, ज्याचा आधार फक्त वाटसरू आहे ते डगमगतं. नारायणगावाला तालुक्याचा पूर्व आणि मध्य भाग आहे, टोमॅटोचा बाजार आहे, आगार आहे. बाह्यवळण त्याला मारू शकत नाही.

पण त्याच अमेरिकेतली दुसरी गोष्टही ऐकायला हवी. आयोवा राज्य विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ केनेथ स्टोन यांनी १९८० च्या दशकापासून वॉलमार्टसारख्या महामार्गालगतच्या अवाढव्य दुकानांचा लहान गावांवर होणारा परिणाम तपासला. ज्या गावात असं दुकान आलं त्याची एकूण विक्री वाढली, तिथली जेवणाची ठिकाणंही चालली, पण तोच माल विकणारी जुनी दुकानं मागे पडली. आणि सर्वांत मोठं नुकसान झालं ते आसपासच्या, दुकान न मिळालेल्या छोट्या गावांचं. त्यांचं गिऱ्हाईक तिकडे वळलं. आपल्याकडे हे चित्र ओतूर, बेल्हे यांसारख्या जुन्या बाजारगावांच्या बाबतीत लक्षात ठेवावं लागेल. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैलांचे सौदे होतात, ओतूरला कांद्याचा उपबाजार आहे. फाट्यावर एकेक सोय जमत गेली, तर तिची किंमत नारायणगाव किंवा जुन्नरपेक्षा अशा गावांना जास्त मोजावी लागेल.

नियम कागदावर

महामार्गालगत बांधकामांची रांग लागू नये म्हणून नियम आहेत. मोकळ्या भागात राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना ४० मीटरपर्यंत बांधकाम नको आणि ७५ मीटरपर्यंतच्या बांधकामावर नियंत्रण हवं, असं केंद्र सरकारचं धोरण सांगतं. महामार्गाच्या हद्दीतली अतिक्रमणं आणि त्याला जोडणारे रस्ते यांच्यासाठी २००२ चा वेगळा कायदा आहे. इंग्लंडने तर १९३५ मध्येच रस्त्याकडेची अशी माळेसारखी वाढ रोखणारा कायदा केला आणि १९९० च्या दशकात आणखी पुढे जाऊन, मोठं दुकान काढायचं तर आधी गावाच्या मध्यभागी जागा शोधा, तिथे मिळालीच नाही तरच बाहेर जा, असा क्रम नियोजनात आणला.

आपल्याकडे नियम का पाळले जात नाहीत? एक कारण गावाच्या तिजोरीत आहे. नारायणगाव, वारूळवाडी, आळेफाट्याभोवतीची गावं या ग्रामपंचायती आहेत. त्यांच्या उत्पन्नाचा मोठा आधार घरपट्टी. महामार्गावरचं हॉटेल आणि शोरूम यांच्याकडून मिळणारी पट्टी पेठेतल्या जुन्या वाड्याच्या कितीतरी पट. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाला आपणच नकार द्यावा, अशी अपेक्षा आपण करतो आणि त्या बदल्यात तिला काहीच देत नाही. दुसरं कारण असं, की फाट्यावर तीन-चार ग्रामपंचायतींच्या शिवा मिळतात. एकीने नाही म्हटलं तर बांधकाम शेजारणीच्या हद्दीत जातं. सांडपाणी, कचरा, पाणीपुरवठा यांची जबाबदारी मात्र कुणाचीच राहत नाही. फाट्यावर चार पदरी रस्ता असतो आणि त्याच्या कडेला उघडं गटार असतं, त्याचं मूळ इथे आहे.

आणि याचा शेवट ठरलेला असतो. बाह्यवळणाच्या दोन्ही कडा भरतात, जागोजागी दुभाजक तोडले जातात, गती मंदावते, अपघात वाढतात. मग बाह्यवळणालाच बाह्यवळण हवं अशी मागणी सुरू होते आणि नव्याने सुपीक जमीन घेतली जाते. कुकडीच्या पाण्याखालची बागायत जमीन पुन्हा तयार करता येत नाही.

पुणे–नाशिक पट्ट्यात पुढची आखणी चालूच आहे. या दोन शहरांना जोडणारी सुमारे २३५ किलोमीटरची निमद्रुतगती रेल्वे प्रस्तावित झाली, तेव्हा नारायणगावच्या पूर्वेला खोडदजवळ असलेल्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीचा प्रश्न आला. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची ही दुर्बीण विश्वातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपते, आणि रेल्वेमुळे तिच्या कामात अडथळा येईल म्हणून मार्ग बदलण्याची भूमिका केंद्र सरकारने घेतली. द्रुतगती महामार्गाचेही प्रस्ताव आहेत. म्हणजे रस्ता पुन्हा सरकणार, हे गृहीत धरूनच तालुक्याने आपला बाजार सांभाळायला शिकलं पाहिजे.

पेठेला काय हवं

बाह्यवळणाने नारायणगावाला एक मोठी गोष्ट परत दिली आहे: स्वतःचा रस्ता. गावातून जाणारा जुना महामार्ग आता ट्रकांसाठी राखायची गरज नाही. त्याची पुन्हा आखणी करता येईल. रुंद पदपथ, सावलीची झाडं, बाजारकट्टे, हातगाड्यांसाठी आखलेल्या जागा, मालाच्या टेम्पोंना सकाळची ठरावीक वेळ, पेठेच्या तोंडाशी वाहनतळ. असा रस्ता महामार्गाच्या निकषांवर आखायचा नसतो, गावाच्या निकषांवर आखायचा असतो, आणि तो स्थानिक संस्थेच्या ताब्यात निधीसकट द्यावा लागतो. निधीविना हस्तांतर म्हणजे खड्ड्यांचं हस्तांतर.

दुसरी गोष्ट वाड्यांची. पेठेतल्या जुन्या इमारतींचे वारस आणि भाडेकरू यांना एकत्र बसवून पुनर्बांधणीचा मार्ग काढणारी यंत्रणा मुंबई-पुण्यासाठी आहे, तालुक्याच्या गावांसाठी नाही. जुन्नर नगरपरिषद किंवा नारायणगाव ग्रामपंचायत यांना असं सल्ला केंद्र चालवता आलं, वरचे रिकामे मजले विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी, दवाखान्यासाठी, छोट्या निवासासाठी वापरता आले, तर पेठेत पुन्हा माणसं राहायला येतील. जिथे माणसं राहतात तिथे संध्याकाळी दुकान उघडं राहतं. जुन्नरला तर या कामाला मोठं निमित्त आहे. २०१८ मध्ये राज्याने या तालुक्याला विशेष पर्यटन क्षेत्राचा दर्जा दिला, आणि २०२५ मध्ये शिवनेरी मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारशाच्या यादीत गेला. लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, शिवनेरी पाहायला येणारा माणूस महामार्गावरच्या हॉटेलात जेवून परत जातो. त्याने जुन्नरच्या पेठेत मुक्काम करावा, यासाठी गल्ल्या, पाणी, स्वच्छतागृहं आणि राहण्याच्या चांगल्या जागा लागतील. किल्ल्याखालच्या शहराला वारसायादीचा फायदा मिळाला नाही, तर तो फायदा फाट्यावरच्या वाहनतळातच जिरेल.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत स्वस्त. यापुढे तालुक्यात कोणतीही नवी सार्वजनिक इमारत उभी राहणार असेल, मग ती उपजिल्हा रुग्णालयाची असो, बसस्थानकाची, कचेरीची, वाचनालयाची, महाविद्यालयाची किंवा बाजार समितीच्या विस्ताराची, तेव्हा पहिला शोध गावाच्या आत घ्यावा. आत जागा नसेल तर पेठेपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर घ्यावा. मोटार असलेल्यालाच जे काम करता येतं, ते सार्वजनिक राहत नाही. एसटीने आलेली म्हातारी, दाखल्यासाठी आलेला विद्यार्थी, लसीसाठी बाळाला घेऊन आलेली आई यांना चौपदरी रस्ता ओलांडून सेवारस्त्यावरून अर्धा किलोमीटर चालायला लावणारी इमारत कितीही देखणी असली तरी ती चुकीच्या जागी आहे.

यासाठी नवा कायदा लागत नाही. जिल्हा नियोजन समितीच्या निधीला ही अट जोडता येते. ग्रामसभेला ठराव करता येतो. बाजार समितीच्या निवडणुकीत उमेदवारांना हा प्रश्न विचारता येतो. आपल्याकडे रस्ता कुठून जावा यासाठी मोर्चे निघतात, मोबदल्यासाठी उपोषणं होतात. कचेरी, आगार आणि बाजाराचं आवार कुठे असावं यासाठी मात्र कुणी बोलत नाही, कारण तो निर्णय लहान वाटतो. जुन्नरच्या पेठेला नाणेघाट बंद पडल्यावर दीडशे वर्षांहून अधिक काळ ज्यांनी तारलं, ते असेच लहान निर्णय होते. नारायणगावने, आणि बाह्यवळण झालेल्या महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाने, आपल्या पुढच्या ग्रामसभेत रस्त्याच्या विषयाआधी हा विषय घ्यावा: गावात येण्याची कोणती कारणं आपल्याकडे आहेत, त्यांतलं कोणतं कारण बाहेर जाण्याच्या बेतात आहे, आणि ते थांबवण्यासाठी आजच काय करायचं.